मोडीची वही : मावळातील भंगाराचा धंदा आणि त्याची नोंद

पुणे जिल्ह्याच्या १८८५ साली प्रसिद्ध झालेल्या गॅझेटियरात विसापूर किल्ल्यावरील एका लोखंडी तोफेची नोंद आहे. लोहगडाच्या शेजारचा हा किल्ला १८१८ च्या मार्च महिन्यात इंग्रजांच्या हाती पडला. तेथील इतर तोफांप्रमाणे हीही तोफ, गाड्यावर बसविण्यासाठी तिच्या दोन्ही अंगांना असलेले खुंट तोडून, निकामी केलेली होती. आपल्या घरगुती भाषेत बोलायचे तर ती मोडीत निघाली होती. परंतु तिच्या अंगावर मुकुट, इंग्लंडच्या ट्यूडर राजघराण्याचे गुलाबाचे चिन्ह आणि ‘ई’ व ‘आर’ ही दोन अक्षरे शाबूत होती. तेवढ्यावरून गॅझेटियरकारांनी तर्क बांधला की, ही तोफ सोळाव्या शतकातील एलिझाबेथ राणीच्या कारकिर्दीतील असावी आणि समुद्रावर कोणाच्या तरी हाती लागून ती पुढे मावळच्या डोंगरावर चढली असावी. एवढा लांबचा प्रवास लोखंडाच्या एका ओंडक्यावरील तीन-चार खुणांनी सांगितला.

आता अशी कल्पना करा की, कोणी ही तोफ फोडून भट्टीत घातली असती. लोखंड जवळजवळ तेवढेच राहिले असते. त्याचे नांगराचे फाळ झाले असते, खिळे झाले असते. राणी मात्र गेली असती, गुलाब गेला असता, समुद्रही गेला असता. लाकूड जळाले की संपते, कापड विरते. धातू संपत नाही, तो फक्त पूर्वीचे सगळे विसरतो. या विसरण्यावर जगातील एक मोठा आणि उपयुक्त धंदा उभा आहे, आणि याच विसरण्याच्या भीतीने निरनिराळ्या राज्यसत्तांनी त्या धंद्याच्या दारात एक वही ठेवलेली आहे. त्या वहीत कोणाचे नाव लिहिले गेले, ते कोणी लिहिले आणि कशासाठी लिहिले, हा आजच्या विवेचनाचा विषय. माझे म्हणणे आरंभीच सांगून टाकतो. आपल्याकडे भंगारवाल्याचे नाव सरकारदरबारी चढले ते बहुधा संशयित म्हणून. व्यापारी म्हणून त्याची नोंद घेण्याचे काम तुकड्यातुकड्यांनी झाले, आणि त्याचा तोटा त्याच्याइतकाच तुम्हाआम्हांलाही सोसावा लागला.

प्रथम शब्दाकडे पाहू. ज्ञानेश्वरांच्या मराठीत ‘भांगार’ म्हणजे सोने. गोव्यात आजही सोन्याला भांगरच म्हणतात. आपल्या बाजारातल्या ‘भंगार’ शब्दाशी त्याचे नाते आहे की नाही, हे शब्दशास्त्रज्ञांनी पाहावे. परंतु एका अक्षराच्या फरकाने सोन्याचे अडगळ व्हावे यात या धंद्याची सगळी गंमत आली. कारण भंगारवाल्याला अडगळीत सोने दिसते. आपण ज्याला एकजात ‘लोखंड’ म्हणतो त्यात त्याला पत्रा वेगळा दिसतो, बीड वेगळे, पोलाद वेगळे. पितळेची तोटी हातात घेतल्याबरोबर ती भरीव आहे की पोकळ हे तो सांगतो. स्वयंपाकघरातील अॅल्युमिनियमच्या पातेल्यांना तो, आपल्या आजीप्रमाणेच, ‘जर्मन’ म्हणतो. धातुविद्येचे हे ज्ञान कोणत्याही शाळेत शिकविले जात नाही.

धातूच्या व्यापाऱ्याला आपल्या देशात प्रतिष्ठा नव्हती असे मात्र नाही. कुलाब्याच्या किनाऱ्याकडे, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यात, कुडा येथे जी लेणी आहेत त्यांत एक लेणे कऱ्हाडच्या महिक नावाच्या लोहवाण्याने, म्हणजे लोखंडाच्या व्यापाऱ्याने, दान दिल्याचा शिलालेख आहे. आपल्याच जिल्ह्यातील जुन्नरच्या लेण्यांत कासारांच्या श्रेणीचा उल्लेख सापडतो. तिच्याकडे धर्मकार्यासाठी ठेव ठेवलेली होती. ठेव कोणाकडे ठेवतात? ज्याच्यावर गावाचा विश्वास असतो त्याच्याकडे. कार्ल्याच्या चैत्यासमोर उभे राहून आपण दानशूर यवनांची नावे कौतुकाने वाचतो. त्याच काळाच्या आसपास सह्याद्रीतील धातूवाल्यांची नावेही दगडावर चढत होती, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. या धंद्यातील माणसाची आपल्याला सापडणारी सर्वांत जुनी नोंद ही अशी मानाची आहे.

दुसऱ्या प्रकारची नोंद कौटिल्याच्या अर्थशास्त्रात आहे. बाजारावर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्याने जुन्या वस्तूंची विक्री किंवा गहाण तेव्हाच होऊ द्यावे, जेव्हा त्या वस्तूंवरील मालकी शुद्ध असल्याचे दाखविले जाईल, असे तेथे सांगितले आहे. याहून मार्मिक नियम सोनारांविषयीचा आहे. संशयास्पद माणसाकडून सोने-रुपे अधिकाऱ्याला न कळवता आहे त्या रूपात विकत घेतले तर दंड बारा पण. रूप बदललेले, म्हणजे वितळवून वा ठोकून ओळख पुसलेले घेतले तर चोवीस पण. आणि प्रत्यक्ष चोराच्या हातून घेतले तर अठ्ठेचाळीस. दंडाचा हा चढता हिशेब पाहा. मधली पायरी सर्वांत महत्त्वाची आहे. धातूने रूप टाकले की पुरावा जातो, म्हणून तेथे दंड दुप्पट. पुढे दोन हजार वर्षांनी इंग्लंडच्या पार्लमेंटने याच प्रश्नावर डोके खाजविले, तेव्हा तिलाही याहून फार वेगळे काही सुचले नाही.

आपल्या घरांनी मात्र या प्रश्नावर स्वतःचा तोडगा काढला होता. भांड्यावर नाव घालण्याची चाल आपल्याकडे किती जुनी आहे हे सांगणे कठीण, पण आपल्यापैकी प्रत्येकाच्या घरात एखादा तांब्या, एखादे ताम्हन असे असेल की ज्यावर देणाऱ्याचे नाव, घेणाऱ्याचे नाव आणि तारीख ठोकलेली आहे. कोणाच्या लग्नात, कोणाच्या मुंजीत, कोणत्या मामाने ते दिले, हे त्या भांड्याच्या काठावर वाचता येते. विसापूरच्या तोफेवरील गुलाबाचे जे काम, तेच या टिंबाटिंबांच्या अक्षरांचे. भांडे फुटले, कल्हईवाल्यानेही हात टेकले, की ते तांबटाकडे किंवा कासाराकडे मोडीत जाई. तो वजन करी, घट धरी आणि मोडीचा भाव देई. किंवा वरून थोडे पैसे घेऊन नवे भांडे देई. पुण्याच्या कसब्यातील तांबट आळीत दिवसभर जो ठोक्यांचा आवाज चाले त्यात कितीतरी जुन्या नावांची पुन्हा सपाट तांबे होण्याची क्रिया चाललेली असे. गावात लोहार बलुतेदार होता. मोडक्या कोयत्याचे लोखंड त्याच्याकडेच परत जाई, आणि ते कोणाचे हे त्याला ठाऊक असे, कारण तो कोयताही त्यानेच घडविलेला असे. जेथे घेणारा आणि देणारा एकमेकांना पिढ्यान्‌पिढ्या ओळखतात तेथे वहीची गरज पडत नाही.

मावळातील ही ओळखीची व्यवस्था मोडली ती आगगाडीने. बोरघाटाचे काम १८५६ साली सुरू झाले आणि १८६३ च्या मे महिन्यात घाटातून गाडी धावू लागली. कामाच्या ऐन भरात, १८६१ च्या सुमारास, चाळीस हजारांहून अधिक मजूर या डोंगरात राबत होते. आजच्या मोजमापानेही हे एक मोठे शहर झाले, आणि ते शहर कोणाच्याही ओळखीचे नव्हते. रूळ विलायतेहून आले, पुलांचे लोखंड विलायतेहून आले. ज्या मुलखात लोखंड शेरावर मोजले जाई तेथे ते एकाएकी टनांवर येऊन पडले. लोणावळा हे गाव खऱ्या अर्थाने याच लोखंडातून वाढले. इंजिनांची दुरुस्ती, कोळसा, कामगारांच्या चाळी यांच्याभोवती वस्ती जमली आणि १८७७ साली तेथे नगरपालिका स्थापन झाली. (तळेगाव दाभाड्याची नगरपालिका त्याआधीची, १८६६ ची. सेनापती दाभाड्यांचे गाव असल्यामुळे तेथे पेठ आधीपासून होती.)

रेल्वेच्या लोखंडाची एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. रुळाच्या कमरेवर, म्हणजे माथा आणि बूड यांच्या मधल्या उभ्या पट्टीवर, तो तयार करणाऱ्या कारखान्याचे नाव आणि साल उठावाच्या अक्षरांत असते. रूळ जन्मतःच आपले नाव घेऊन येतो. त्यामुळे अख्खा रूळ कोणी सहसा लपवू शकत नाही. परंतु खिळे, बोल्ट, पट्ट्या, पितळी बेअरिंगे, शिसे हा माल पिशवीत मावतो आणि मुशीत गेल्यावर मुका होतो. १८६० च्या भारतीय दंडसंहितेत चोरीचा माल जाणूनबुजून घेणाऱ्यासाठी ४११ वे कलम आले. आपल्यापैकी वकील मंडळींना हा आकडा तोंडपाठ असेल. (२०२४ च्या जुलैपासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत त्याची जागा ३१७ व्या कलमाने घेतली आहे.) मोडीच्या व्यापाऱ्याशी आधुनिक कायद्याचा पहिला परिचय या कलमाच्या द्वारे झाला.

त्याच सुमारास खुद्द इंग्लंडात काय चालले होते ते पाहिले म्हणजे फरक कळतो. तेथे १८६१ साली जुन्या धातूंच्या व्यापाऱ्यांसाठी स्वतंत्र कायदा झाला. चोरीच्या मालाबद्दल दोषी ठरलेल्या व्यापाऱ्याची नोंद करून ठेवायची आणि त्याने खरेदीची वही राखायची, अशी त्याची घडण होती. १८७१ च्या दुसऱ्या एका कायद्याने आणखी एक युक्ती केली. व्यापाऱ्याने जुने शिसे घ्यायचे तर एका वेळी निदान एकशे बारा पौंड घ्यावे, त्याहून कमी घेऊ नये. तांब्या-पितळेलाही अशीच किमान मर्यादा घातली. देवळाच्या किंवा घराच्या छपरावरून शिशाचा पत्रा उचकटून खिशातून आणणाऱ्या भुरट्या चोराला गिऱ्हाईकच मिळू नये, हा हेतू. युक्ती चतुर खरी, पण तिच्यामुळे स्वतःच्या घरचा फुटका नळ विकू पाहणारा गरीबही बाजारातून हद्दपार झाला. चोर आणि गरीब दोघेही थोडे थोडे विकतात, ही या धंद्याच्या कायद्यापुढील खरी अडचण आहे. ती १८७१ साली सुटली नव्हती, आणि आजही सुटलेली नाही.

हिंदुस्थानात सरकारने निराळी वाट धरली. त्याच १८७१ साली येथे गुन्हेगार जमातींचा कायदा आला आणि १९११ च्या सुधारित कायद्याने तो मुंबई इलाख्यातही राबविला गेला. येथे व्यवहाराची नोंद झाली नाही, माणसांची झाली. जन्मावरून झाली. अख्ख्या जमातीच्या जमाती हजेरीपटावर चढल्या. तो कायदा १९५२ साली रद्द झाला; पण पाठीवर पोते टाकून किंवा गाढवावर बिऱ्हाड लादून फिरणाऱ्या माणसाकडे पाहण्याची जी दृष्टी त्याने आपल्याला दिली ती कायद्याच्या पुस्तकात नव्हती, म्हणून तेथून खोडताही आली नाही. घिसाडी, कल्हईवाले, कपड्यांवर भांडी देणाऱ्या बोहारणी ही सगळी धातूच्या फेरवापराची माणसे. ती गावात आली की आपण दार लावून घेत होतो, आणि तरीही तवा ठोकून घ्यायला त्यांचीच वाट पाहत होतो.

विसाव्या शतकात मावळच्या डोंगरावर तांबे आले. टाटांच्या जलविद्युत योजनेची कोनशिला १९११ साली लोणावळ्याला बसली आणि १९१५ साली खोपोलीहून वीज मुंबईकडे निघाली. १९२९ साली घाटातील उलट फिरण्याचे जुने स्टेशन सोडून देऊन नवा मार्ग झाला, त्याच सुमारास कल्याण-पुणे लोहमार्गावर विजेच्या तारा चढल्या आणि १ जून १९३० रोजी दख्खनची राणी धावू लागली. तारायंत्राची तार आधीपासून होतीच. धातूचा असा मैलोन्‌मैल उघड्यावर टांगलेला खजिना पूर्वी कोणत्याही राज्याने रानात ठेवला नव्हता.

मग दुसरे महायुद्ध आले. देहू रोडला लष्कराचा प्रचंड कोठार-तळ उभा राहिला, लोणावळ्याला १९४५ च्या फेब्रुवारीत आरमाराची ‘शिवाजी’ ही संस्था सुरू झाली. पोलादाची टंचाई इतकी की, १९४३ साली भंगारावर नियंत्रण घालणारा स्वतंत्र हुकूम निघाला. ज्याला काल कोणी विचारत नव्हते तो माल एकदम सरकारी नियंत्रणाखाली गेला. हा काळ मला विशेष महत्त्वाचा वाटतो. कारण राष्ट्राच्या गरजेचा माल सांभाळणारा व्यापारी म्हणून सरकारने भंगारवाल्याकडे पाहिले, चोर म्हणून नव्हे, असा हा एक विरळा प्रसंग. युद्ध संपल्यावर लष्करी सामानाचे लिलाव झाले. लिलावाची पावती हा तेव्हापासून या धंद्यातील सर्वांत मौल्यवान कागद होऊन बसला. पावती असेल तर तोच बोल्ट माल ठरतो, नसेल तर तोच मुद्देमाल.

स्वातंत्र्यानंतर पावतीचे हे महत्त्व कायद्याने पक्के केले. १९५० साली तारायंत्राच्या तारा बेकायदा बाळगण्याविरुद्ध कायदा झाला. १९५५ साली रेल्वेच्या सामानासाठी असाच कायदा आला आणि त्याच्या जागी १९६६ साली रेल्वे मालमत्तेचा आजचा कायदा झाला. त्याचा गाभा असा आहे की, चोरीची असल्याचा वाजवी संशय यावा अशी रेल्वेची वस्तू एखाद्यापाशी सापडली, तर ती आपल्याकडे रीतसर आली हे त्याने सिद्ध करायचे. पहिल्या गुन्ह्यालाही शिक्षा पाच वर्षांपर्यंत होऊ शकते, आणि विशेष कारण नसेल तर एका वर्षाहून कमी देऊ नये असा संकेत आहे. मी या कायद्याची कुचेष्टा करीत नाही. ज्या घाटात रुळाची एक पट्टी सैल झाली तर शेकडो जीव दरीत जातील, तेथे रेल्वेने हळवे असणे योग्यच आहे. परंतु त्याचा भार कोणावर पडतो ते पाहा. आपल्या खेड्यांतल्या शाळांत घंटा म्हणून रुळाचा तुकडा टांगलेला असतो. कुंपणाला, गोठ्याच्या आढ्याला जुना रूळ लावलेली घरे या मुलखात दिसतात. त्यांपैकी कितीजणांकडे पावती सापडेल? मास्तरांना ती कोणी मागत नाही. तोच तुकडा पावसाने गंजून पडला आणि शाळेने भंगारवाल्याला दिला, तर मात्र त्याच क्षणी प्रश्न उभा राहतो, आणि त्याचे उत्तर द्यावे लागते शेवटच्या माणसाला.

आता नगरपालिकेकडे येऊ. कारण श्रोत्यांपैकी पुष्कळांची अशी समजूत असेल की, भंगाराचे दुकान काढायचे म्हणजे नगरपालिकेत जाऊन ‘भंगार व्यापारी’ म्हणून नाव नोंदवायचे. इतके सरळ ते कधीच नव्हते. मुंबई इलाख्यातील १९०१ चा जिल्हा नगरपालिका कायदा घ्या किंवा महाराष्ट्राचा १९६५ चा नगरपरिषदांचा कायदा घ्या; नगरपालिकेला अधिकार मिळाला तो उपद्रवकारक किंवा धोक्याच्या धंद्यांना आळा घालण्याचा. खेड्यात ग्रामपंचायतीची भूमिकाही तीच. चामडी, हाडे, चुन्याची भट्टी यांच्या पंक्तीला भंगार बसले. म्हणजे नगरपालिका विचारते ते असे : जागा कोणाची, रस्त्यावर माल येतो का, आग लागेल का, शेजाऱ्याची तक्रार आहे का, डबक्यात डास होतात का? लोणावळ्यासारख्या गावी, जेथे वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो, हे प्रश्न क्षुल्लक नाहीत. येथे छपराचा पत्रा लवकर सडतो म्हणून भंगार जास्त, आणि तो उघड्यावर पडला तर तांबडे पाणी गटारातून शेजाऱ्याच्या दारी जाते. पण नगरपालिकेच्या वहीत माल कोठून आला याला रकाना नाही. पोलिसांना नेमका तोच रकाना हवा असतो, पण दुकानाला परवाना आहे की नाही याच्याशी त्यांना चोरी होईपर्यंत कर्तव्य नसते. जागेची वही एका कचेरीत आणि मालाची वही दुसऱ्या कचेरीत, आणि या दोन कचेऱ्यांच्या मधल्या फटीत हा धंदा शंभर वर्षे राहिला.

त्या फटीत पुढे आणखी कागद येऊन पडले. दुकानांचा १९४८ चा कायदा होता, त्याऐवजी २०१७ चा आला. दहापेक्षा कमी नोकर असलेल्या दुकानदाराने नुसती सूचना द्यावी, असे त्या कायद्याने तेव्हा ठरविले. जुन्या बॅटऱ्यांसाठी २००१ साली नियम झाले आणि २०२२ साली बदलले, कारण शिसे हे विष आहे आणि बॅटरी अंगणात फोडणाऱ्याच्या मुलांच्या रक्तात ते उतरते. विजेच्या उपकरणांच्या कचऱ्याचे नियम निराळे, भंगारात काढलेल्या मोटारींचे २०२१ चे निराळे. प्रत्येक नियमामागे कारण आहे. पण ज्याचे दुकान म्हणजे एक काटा, एक हातगाडी आणि पत्र्याची शेड, त्याने हे सगळे दरवाजे कोणत्या क्रमाने ठोठवावेत, हे त्याला एका जागी सांगणारे कोणी नव्हते. ज्याला हे जमते तो मोठा व्यापारी होतो. ज्याला जमत नाही तो विनाकागद राहतो, आणि विनाकागद माणसाला कोणीही दम देऊ शकतो.

या कथेत एक निराळे पान पुण्याने लिहिले, आणि ते येथे सांगितलेच पाहिजे. १९९३ साली डॉ. बाबा आढाव आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या पुढाकाराने ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ स्थापन झाली. नाव पाहा. धंद्यातील तीन मालांची नावे, तीच संघटनेची पाटी. तिच्यातील बहुसंख्य सभासद कचराकुंड्यांतून माल वेचणाऱ्या दलित स्त्रिया होत्या. त्यांतील कित्येकींची कुटुंबे १९७२ च्या दुष्काळात गाव सोडून शहरात आलेली होती. संघटनेने एक साधी मागणी केली : ओळखपत्र द्या. १९९० च्या दशकाच्या मध्यात पुणे आणि पिंपरी-चिंचवड महापालिकांनी त्या ओळखपत्रांवर आपली मान्यता नोंदविली. पोलिसाने हटकले तर दाखवायला हातात काही आले. पुढे याच स्त्रियांच्या ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेने पुण्यात घरोघरचा कचरा गोळा करण्याचे काम अंगावर घेतले, आणि २०१६ च्या घनकचऱ्याच्या नियमांनी देशभरच्या नगरपालिकांना वेचकांची दखल घेण्यास सांगितले. या ओळखपत्राचा कागद हजेरीपटाच्या कागदापेक्षा काही वेगळा नव्हता. त्यावरही नाव, गाव आणि छायाचित्रच होते. फरक एवढाच की, हे नाव लिहून घ्या असे त्या स्त्रियांनी स्वतः सांगितले होते.

ओळखपत्र वेचणारीपर्यंत पोचले, पण तिच्याकडून माल घेणाऱ्या दुकानदाराचा आणि त्याच्यावरच्या ठोक व्यापाऱ्याचा प्रश्न तसाच राहिला. दरम्यान मावळच बदलला. तळेगाव आणि चाकणच्या परिसरात मोटारींचे कारखाने आले, द्रुतगती मार्ग झाला. घरच्या फुटक्या बादलीचे भंगार आता नगण्य झाले. पत्रा कापून उरलेले तुकडे, लेथवरचा कीस, नाकारलेले सुटे भाग हा खरा माल झाला, आणि तो उचलण्याचा ठेका ही लाखांची गोष्ट झाली. या ठेक्यांवरून औद्योगिक पट्ट्यात दमदाटी आणि मारामाऱ्या होतात, हे वर्तमानपत्र वाचणाऱ्याला नव्याने सांगायला नको. मला वाटते, याचे एक कारण त्या फटीतच आहे. जेथे कोण व्यापारी आणि कोण नाही हे ठरविणारी, सर्वांना पाहता येईल अशी यादी नसते, तेथे ते मनगटाने ठरते.

फेब्रुवारी २०२५ मध्ये मावळच्या वेशीबाहेर, चिखलीच्या कुदळवाडीत, पिंपरी-चिंचवड महापालिकेने भंगाराची गोदामे, कारखाने आणि दुकाने अशी हजारो बांधकामे थोड्याच दिवसांत पाडली. तेथे आगी लागत होत्या, धुराने लोक हैराण होते, बांधकामे बेकायदा होती, हे पालिकेचे म्हणणे. आम्ही कित्येक वर्षे येथे धंदा करतो, कर भरतो, वीज घेतो, हे दुकानदारांचे म्हणणे. मी कोणा एकाची बाजू घेत नाही. पण इतकी वर्षे जी कचेरी कराची पावती देत होती तिलाच एके दिवशी ही दुकाने परवान्यावाचून आहेत असे दिसावे, हे मी मघाशी सांगितलेल्या दोन वह्यांचे प्रत्यक्ष रूप आहे.

इतरांनी काय केले? इंग्लंडने १९६४ साली जुना पसारा आवरून एक कायदा केला : भंगाराच्या प्रत्येक व्यापाऱ्याने आपल्या स्थानिक कौन्सिलकडे नाव नोंदवावे आणि खरेदी-विक्रीची वही ठेवावी. तांब्याचे भाव चढले, लोहमार्गांच्या तारा चोरीला जाऊ लागल्या, तेव्हा २०१३ साली त्यांनी नोंदणीचा परवाना केला. दुकानदाराला एक, फिरून गोळा करणाऱ्याला दुसरा, दोन्ही तीन वर्षांचे. विकणाऱ्याची ओळख पटविणे सक्तीचे केले आणि रोख पैसे देण्यास मनाई केली. आपल्या देशात तामिळनाडूने १९८५ साली भंगार आणि जुन्या मालाच्या व्यापाऱ्यांसाठी स्वतंत्र परवान्याचा कायदा केला. इंग्लंडची व्यवस्था उचलून येथे आणावी असे मी म्हणणार नाही. दारात हातगाडी उभी करून चाळीस रुपयांचा पत्रा घेणाऱ्याला रोख मनाई केली, तर १८७१ च्या एकशे बारा पौंडांचीच ती नवी आवृत्ती होईल. पण त्या व्यवस्थेतील एक गोष्ट आपल्या नगरपरिषदांना आजही करता येण्यासारखी आहे. जागा आणि माल या दोन्हींचे रकाने एकाच वहीत, एकाच टेबलावर, आणि त्या वहीत नाव असलेल्याला एक पाटी, जी तो दुकानावर लावील. फिरत्या माणसासाठी वेगळे, फुकट किंवा नाममात्र शुल्काचे ओळखपत्र. चौकशीला आलेल्या शिपायाने आधी ती पाटी पाहावी, मग माल.

गंमत अशी की, मालाची वही आता दुसऱ्याच दाराने येऊन पोचली आहे. १० ऑक्टोबर २०२४ पासून वस्तू व सेवा कराच्या नियमात बदल झाला. नोंदणी असलेल्या व्यापाऱ्याने नोंदणी नसलेल्या माणसाकडून धातूचे भंगार घेतले, तर त्यावरचा कर घेणाऱ्याने स्वतः भरायचा, आणि विकणारा बीजक देऊ शकत नाही म्हणून ते बीजकही घेणाऱ्याने स्वतःच लिहायचे. करचुकवेगिरी थांबावी एवढाच त्यामागचा उद्देश. कौटिल्याची आठवण ते लिहिणाऱ्यांना झाली असेल असे वाटत नाही. तरीही त्या बीजकात काय लिहावे लागते? कोणाकडून घेतले, काय घेतले, किती वजनाचे, काय भावाने, कोणत्या तारखेला. अर्थशास्त्रातील बाजाराधिकारी नेमके हेच विचारीत होता. आज तळेगावच्या एखाद्या ठोक व्यापाऱ्याच्या टेबलावर हे कागद महिनोन्‌महिने साठत आहेत. ते कर खात्याकडे जातात. नगरपरिषदेच्या टेबलावर त्यांतला एकही येत नाही.